हिरूची मूठ

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी कल्याणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही... आमचा सगळा व्यवहार असा. कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सांगायला लागलं की मी सरळ म्हणायची, "आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या." त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. पण आई गेल्यापासून हे मनात साठून राहिलंय, आणि घरात पुन्हा पुन्हा तेच ऐकून सगळे कंटाळलेत. म्हणून इथे लिहिते.

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, थोडं आत, आमचं गाव. नाव मुद्दामच लिहीत नाही. नव्वदीत तिथल्या बऱ्याच जमिनी विकल्या गेल्या, आमचीही गेली. भाताची खाचरं सपाट करून तिथे रिसॉर्ट झालं. गेटवर सिमेंटचे दोन हत्ती, आत खोटी गुहा, वॉटर पार्क, रेन डान्स. वडील असेपर्यंत आमच्या घरी त्या जागेचा विषय कुणी काढायचा नाही. वडील गेल्यावर आई आमच्याकडे कल्याणला राहायला आली.

आणि २००३ च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीची पिकनिक नेमकी तिथेच ठरली! मला वाटलं, आई नको म्हणेल. तर ती माझ्या आधी साडी नेसून तयार. "येते मी," म्हणाली. "बघते, काय केलंय त्यांनी तिथं."

आई तिथे काय बघायला आली होती ते मला संध्याकाळी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर पुढचं नीट समजणार नाही.

माझ्या आधी आईला एक मुलगी होती, हिरू. ती तापाने गेली, एवढंच मला माहीत होतं. आमच्याकडे लहान पोर गेलं की जाळत नाहीत, पुरतात. हिरूला शेताच्या कडेला बांधाजवळ, मोहाच्या झाडाखाली पुरलं आणि वर एक दगड ठेवला. दरवर्षी लावणी संपली की आई रोपांची एक मूठ, म्हणजे भाताच्या रोपांची एक जुडी, बाजूला ठेवायची आणि त्या दगडापाशी एकटीच जाऊन लावायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, "रीत हाय." जमीन गेली, मोह तोडला, दगड कुठे गेला कुणास ठाऊक. आईला ती जागा शोधायची होती. बास, तेवढ्यासाठी ती आली होती.

तर आत गेलो. नवरा बाकी पुरुषांबरोबर मोठ्या स्लाइडवर पळाला. बायका भाड्याचे नायलॉनचे ड्रेस घालून एकमेकींना हसत होत्या. साडीवाल्यांना पाण्यात मनाई, म्हणून आई काठावरच. माझी ऋतुजा तेव्हा चार वर्षांची, जन्मापासून कल्याणच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिचा हात धरून मी लहान मुलांच्या पूलमध्ये उतरले. गुडघाभर पाणी, निळ्या फरशा, मध्ये मोठी छत्री आणि तिच्यावरून धो धो पडणारं पाणी.

आई मात्र लॉनवर येरझाऱ्या घालत होती. दोन पावलं चालायची, थांबायची, माहुलीच्या डोंगराकडे बघायची. तो सुळका तेवढा जागच्या जागी राहिला होता, त्याच्यावरून ती अंदाज घेत होती. बराच वेळ गेल्यावर आमच्या पूलच्या काठाशी येऊन बसली.

"काय गं, दमलीस का?" मी विचारलं.

"हितंच कुठंतरी असंल," ती म्हणाली. "पर नक्की नाय कळत. सगळं सारखंच केलंय मेल्यांनी."

कशाबद्दल बोलतेय ते मला कळलं नाही. मी पुढे विचारणार तेवढ्यात आईचा चेहरा बदलला. ती माझ्या पाठीमागे बघत होती.

मी वळले. ऋतुजा छत्रीपासून लांब, एका कोपऱ्यात होती. कमरेत वाकलेली. डावी मूठ पोटाशी धरलेली आणि उजव्या हाताचा अंगठा नि दोन बोटं पाण्यात खुपसत होती. खुपसायची, एक पाऊल मागे. खुपसायची, एक पाऊल मागे. लावणी करणारी बाई अशीच उलटी मागे मागे जाते, लावलेलं रोप पायाखाली येऊ नये म्हणून. गावात वाढलेल्या कुणीही ओळखलं असतं. पण ऋतुजाने लावणी कधी पाहिलीच नव्हती! ती जन्मली तेव्हा आमची जमीन जाऊन वर्षं झाली होती.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, काय खेळ काढलाय कार्टीने. तेवढ्यात ती पूलच्या कडेला थांबली, सरळ उभी राहिली, स्वतःच्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं आणि हात पुढे करून माझ्या आईला म्हणाली,

"आय, माजी मूठ दे ना गो."

ऋतुजा आईला 'आजी' म्हणते. आमच्या घरात आईला 'आय' किंवा 'गो' कुणी म्हणत नाही, मीसुद्धा कल्याणला आल्यावर सोडलं.

आई उठली. लॉनमधलं गवत दोन्ही हातांनी उपटलं, त्याची जुडी केली आणि साडीसकट पाण्यात उतरली. लाइफगार्डने शिट्टी मारली, कुणीतरी "ओ मावशी!" म्हणून ओरडलं, दोन-चार जण हसले. आईला काही ऐकू येत नव्हतं. तिने ती जुडी पोरीच्या हातात दिली आणि तिच्या समोर पाण्यातच बसली.

"लाव बाय, लाव. सावकाश लाव. आता काय घाई नाय."

ऋतुजा गवताची एकेक काडी निळ्या फरशीवर लावायला लागली. फरशीत काय रुजणार... काड्या वर येऊन तरंगायला लागल्या. आई रडत होती आणि रडता रडता तिला सांगत होती, "बेस लावलंस हो, बेस लावलंस." मी नुसती उभी होते.

मग पलीकडच्या वेव्ह पूलचा भोंगा वाजला. ऋतुजाने हातातलं गवत टाकून दिलं आणि माझ्याकडे धावली. "मम्मी, मला पण लाटांमध्ये जायचंय!" पुन्हा तीच, आमची रोजची ऋतुजा. मागे लाइफगार्ड जाळीने गवत काढत होता. आई त्या जाळीकडे बघत राहिली.

परतताना बसमध्ये आईने सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

हिरू तीन वर्षांची होती. लावणीला आईच्या मागे मागे असायची, तिला खेळायला एक मूठ द्यावी लागायची. त्या दिवशी सावड आमच्या शेतावर होती. आज तुमच्यात, उद्या आमच्यात, अशी गावातल्या बायकांनी आळीपाळीने केलेली मदत. सगळ्या जणी आमच्यासाठी आलेल्या. त्यांना चिखलात सोडून घरधनीण पोर घेऊन घरी कशी जाणार? हिरूचं अंग तापलं होतं. आईने तिला बांधावर, पावसासाठीच्या बांबू-पानांच्या इरल्याखाली निजवलं. ती मधेमधे उठून म्हणायची, "आय, माजी मूठ दे ना गो."

"मी म्हणलं, थांब गो, घाई हाय," आई म्हणाली. "देते मागनं म्हणलं. रातच्याला गेली."

ऋतुजा तिच्या मांडीवर गाढ झोपली होती. आईने घरापर्यंत तिला कुणाला उचलू दिलं नाही.

नवरा म्हणतो, पोरीने टीव्हीवर पाहिलं असेल. असेलही. पण ते शब्द कोणत्या चॅनेलवर लागले होते? आईने ते माझ्या वडिलांनासुद्धा कधी सांगितले नव्हते. कसे सांगणार?

आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत ती जागेबद्दल पुन्हा बोलली नाही, शोधायलाही गेली नाही. ऋतुजाला त्या पिकनिकमधल्या फक्त लाटा आठवतात.

गेल्या जुलैमध्ये किन्हवलीला मामाच्या शेतावर लावणी होती, तिथे ऋतुजाला मुद्दाम घेऊन गेले. आता ती चांगली मोठी झालीय. मामीने तिच्या हातात मूठ दिली. पोरगी चिखलात उतरली, एक रोप कसंबसं खोचलं आणि सरळ पुढे चालायला लागली... लावलेली रोपं तुडवत! मामी ओरडली, "अगो मागं जा, मागं! कंदी बघलं नाय काय?" सगळ्या बायका हसल्या. ऋतुजाही हसली.

मला मात्र तिथे बांधावर बसून रडू आलं. तिला लावणी येत नव्हती. तिला ती कधीच येत नव्हती. मग त्या दिवशी त्या पाण्यात उलटं मागे मागे जात होतं ते कोण?

निघताना मामीकडून मी एक मूठ मागून घेतली आणि बांधाच्या कडेला, बाजूला लावली. सावकाश लावली.