दत्ताची शेवटची लढत

दत्ता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खोपटला एसटीची वाट बघत उभा होतो. त्याच्या पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘लाइट हेवीवेटचे माजी राज्य विजेते’. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, आता ते कधीच कळणार नाही.

ते म्हणजे त्याच्या शेवटच्या लढतीचं. कोपरीच्या एका व्यायामशाळेत आम्ही बॉक्सिंग शिकलो. मी त्याच्याच वजनाचा, पण खेळात त्याच्या निम्म्यानेही नाही. म्हणून कायम त्याचा सरावाचा जोडीदार. दत्ता लागोपाठ तीन वर्षं राज्याचा विजेता होता. चौथ्या वर्षी अंतिम सामन्यात मात्र समोरच्याचे साधे, सरळ उजवे ठोसे तो नुसता खात राहिला. अडवायला हात वर गेलाच नाही. दुसऱ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीबाहेर एका अनोळखी माणसाशी तो कुजबुजताना मला दिसला होता. मी जवळ गेलो तसे दोघं गप्प झाले. चार महिन्यांनी त्याला डोंबिवलीच्या कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी लागली. त्या कारखान्याचा मालक सामन्याला पहिल्या रांगेत होता... मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला.

विचारलं एकदाच. “दत्ता, हरलास की हरायचं ठरलेलं?”

“तुला काय वाटतं?”

“वाटतंय म्हणून तर विचारतोय.”

“मग वाटू दे रे,” एवढंच म्हणाला.

त्यानंतरची तीस वर्षं आम्ही लग्नांना, बारशांना भेटत राहिलो. रिंगकडे तो परत फिरकला नाही, आणि तेही मला कबुलीसारखंच वाटायचं. त्याने डोंबिवलीला फ्लॅट घेतला तेव्हा मी पेढे खाल्ले, अभिनंदन केलं, आणि जिना उतरताना बायकोला म्हणालो, “बघ.”

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या घरी गेलो. वहिनींनी कपाटातून एक फाइल काढली. “भाऊजी, हे कोणाला दाखवायचं नाही म्हणायचे. तुम्हाला तर नाहीच. पण आता राहवत नाही.” डोळ्यांच्या डॉक्टरांचा पिवळा पडलेला कागद होता. डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय, खेळू नये. तारीख सामन्याच्या चार दिवस आधीची. तो कुजबुजणारा माणूस, वहिनींनी सांगितलं, त्या दवाखान्यातला कंपाउंडर होता. उतरू नकोस म्हणून विनवायला आलेला. दत्ता तरी उतरला. पुढे तो डोळा गेलाच, आणि तीस वर्षांत मला पत्ता लागला नाही. मी त्याच्यात दुसरंच शोधत होतो.

“पण मला का नाही सांगितलं?”

वहिनी फाइलची दोरी बांधत राहिल्या. “सरावात ग्लोव्हचा अंगठा लागला, म्हणाले होते. कोणाचा, ते मी विचारलं नाही.”

त्या महिन्यात तो फक्त माझ्याशी सराव करत होता.

नोकरी कशी लागली, हेही विचारायचं म्हणून मी गेलेलो. ते तसंच राहिलं. वहिनींना सगळं ठाऊक आहे की खरंच नाही, हा नवा संशय मात्र घेऊन बसलो...

त्या चहा करायला आत गेल्या. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार दत्ताच्या खुर्चीच्या डाव्या हाताला येतं. खुर्ची रिकामी होती. तरी कप घेऊन येताना वहिनी दारात थांबल्या, हलकेच खाकरल्या, आणि मगच बाहेर आल्या.