चुलीवर वाळवलेला लॅपटॉप

आमचा लॅपटॉप म्हातारपणाने गेला नाही. त्याला मी सुक्या बांगड्यांबरोबर धुरी दिली.

आमच्या लेकीच्या, मेघाच्या कॉलेजसाठी घेतलेला तो. तिला पुण्यात नोकरी लागली, तिथे नवा मिळाला, आणि जुना इथे मालवणात आमच्याकडे राहिला. त्यात मोलाची गोष्ट एकच होती, माझ्या सासूबाईंचा आवाज. कोंबडी-वड्यांचं पीठ कसं करायचं ते सासूबाई सांगताहेत, असं मेघाने रेकॉर्ड करून ठेवलेलं. पुढे सासूबाई गेल्या. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर मेघाने फोनवर बजावलं, "आई, लॅपटॉप दमट जागी ठेवू नकोस हां."

आता मला सांगा, आषाढात मालवणच्या किनाऱ्यावर कोरडी जागा कुठली? कपाटातल्या शालूला बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी. घरात कोरडं ठिकाण एकच, मागच्या पडवीत आंघोळीचं पाणी तापवायची चूल, आणि तिच्यावर टांगलेली फळी. पावसात जे जे जपायचं ते आमच्याकडे त्या फळीवर जातं. कोकमं, सुके बांगडे, काकडीचं बी. मी तेव्हा बावन्न वर्षांची. (अक्कल यायचं वय उलटून गेलं होतं, अक्कल वाटेत कुठेतरी थांबली असावी.) लॅपटॉप जुन्या पंच्यात गुंडाळला आणि बांगड्यांच्या शेजारी ठेवला. रोज दोन वेळा खालून जाळ! स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश, की शेजारणीलाही तिचा टीव्ही चुलीवर चढवायचा सल्ला दिला. (ती शहाणी निघाली.)

सासूबाईंचं पहिलं श्राद्ध जवळ आलं. आमचे हे मुळात कमी बोलणारे. आई गेल्यापासून त्याहून कमी. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "तो लॅपटॉप काढ गो. आवशीचो आवाज ऐकूया."

काढला. ठेवला तेव्हा रुपेरी होता, निघाला तव्याच्या रंगाचा. बिजागरी उघडेना, म्हणून मी तिच्यात खोबरेल सोडलं. (कुलपाला चालतं!) खोबरेल बिजागरीत कसलं थांबतंय? ते बटणांखाली गेलं, त्याच्या मागोमाग मुंग्या गेल्या. मुंग्या बाहेर येईनात म्हणून मी लॅपटॉप उलटा करून आपटला. दोन बटणं उडाली, मुंग्या आतच. आमचे हे बाजूला उभे राहून सगळं बघत होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं. शर्ट चढवला, पिशवी घेतली आणि सावंतवाडीच्या एसटीत मला घेऊन बसले.

एसटीत पुढच्या बाईने दोनदा वळून पाहिलं, मग बांगडे कुणाकडून घेतले ते विचारलं. मी पिशवी मांडीखाली सरकवली.

दुरुस्तीवाला चष्मेवाला, पन्नाशीचा. मशीन केव्हापासून बंद आहे वगैरे शुद्ध मराठीत विचारत त्याने मागचं झाकण उघडलं, आणि तिथे त्याची शुद्ध मराठी संपली.

"वयनी, ह्येच्यात तुमी नेमक्या काय शिजवलास?"

मी सगळं सांगितलं. त्याने पंख्यातून चिमट्याने काकडीचं एक बी काढून माझ्यासमोर ठेवलं. मग नीट समजावलं. खाऱ्या हवेत लॅपटॉप पाच-सहा वर्षं टिकला तरी नशीब. ह्याची सहा झाली, वर ही धुरी. ह्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, सरळ नवा घ्या. चुकीचं काही बोलत नव्हता.

ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "नव्यात माझी आवस खंय गावतली?"

दुरुस्तीवाल्याने चष्मा काढून पुसला आणि ब्रश घेऊन बसला. तासाभराने म्हणाला, मशीन काही वाचत नाही, पण आतली डिस्क जिवंत असेल. ती काढून त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. काही नाही. पुन्हा जोडली. काही नाही. तिसऱ्या खेपेला स्पीकरमधून खोकला आला. सासूबाई बोलण्याआधी नेहमी खोकायच्या. हे खुर्चीच्या कडेवर आले.

सासूबाई म्हणाल्या, मूठभर मेथी घ्यायची. लगेच कुणी एक बाई म्हणाली, मूठभर कशाला, चमचाभर पुरे. ती बाई मी. सासूबाईंनी धणे भाजायला सांगितले, मी म्हटलं भाजायचे नसतात. त्या तांदूळ धुवायला निघाल्या, तर मी माझ्या माहेरची, आरोंद्याची रीत सांगायला बसले. सोळा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये सासूबाईंच्या वाट्याला चारसुद्धा येईनात! मला इतकी लाज वाटली, की मी दुरुस्तीवाल्याला पटवू लागले, अहो, तसं नाही, आमच्या आरोंद्याला मेथी खरोखरच...

"गप रव गो जरा," हे म्हणाले, "माका ऐकाक दी."

आणि त्याच क्षणी स्पीकरमधून सासूबाई म्हणाल्या, "गप रव गो जरा, माका बोलूक दी."

दुरुस्तीवाला आधी हसला. मग हे. हसता हसता ह्यांनी डोळे पुसले, आणि पुसतच राहिले.

तो आवाज आता मेघाने चार ठिकाणी ठेवलाय. दर श्राद्धाला हे नातवंडांना घेऊन ऐकायला बसतात. मीही बसते, तोंडावर पदर धरून, अगदी चिडीचूप. गेल्या खेपेला पंधरा मिनिटं जमलं. सोळाव्या मिनिटाला मात्र राहवलं नाही. धणे भाजायचे नसतातच मुळी!