वाट्याचं पाणी

आमचं गाव अकोल्याजवळच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी इतकं खारट, की त्यात डाळ शिजत नाही. बाबा साठ वर्षं तेच प्यायले आणि शेवटी किडन्यांनी हात टेकले. पाण्यामुळेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत, आई सांगते. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस आणि दिवसभरात प्यायला अर्ध्या लिटरची एकच सीलबंद बाटली. ती बाटली माझ्या पर्समध्ये असते, कारण एकदा न्हाणीघरात नळाला तोंड लावताना मी त्यांना पकडलं होतं. तेव्हापासून माझा त्यांच्यावर भरवसा नाही.

त्यांना एकदा समुद्र पाहायचा होता. दोन डायलिसिसच्या मधले दिवस गाठून आम्ही तिघं मुरूडला गेलो. पावसाळा संपत आला होता, होड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आमची होडी किनाऱ्याकिनाऱ्यानं निघाली. हिरवा डोंगर थेट पाण्यात उतरलेला, पायथ्याशी नारळाच्या रांगा. लोक फोटो काढत होते. बाबांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि आमटीतलं मीठ पाहावं तसं चाखलं.

"आपल्या विहिरीपेक्षा जरा जास्त हाय," म्हणाले.

मग पाऊस आला. होडीवाल्यानं ताडपत्री ओढली, सगळे तिच्याखाली सरकले. बाबा पुढंच बसून राहिले.

"आवं, इकडं सरका न. भिजून काहून राह्यले?" आई म्हणाली.

"भिजू दे."

त्यांनी मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. गळ्याची गाठ वरखाली होताना मला स्वच्छ दिसत होती. मी उठले.

"ताई, खाली बसा, होडी कलते," होडीवाला ओरडला.

बसले. अंगावर सूज येईल, धाप लागेल, अकोला किती लांब, हे सगळं डोक्यात फिरत होतं. त्यांच्या चहातलं दूधसुद्धा चमच्यानं मोजणारी आई तेवढ्यापुरती डोंगराकडे तोंड करून बसली होती. मला दोघांचाही राग आला. पाऊस बराच वेळ पडला आणि बाबा तेवढा वेळ तसेच होते.

संध्याकाळी लॉजवर मी बाटली काढली. सकाळपासून ती उघडलीच नव्हती. एरवी मी पर्सची चेन ओढायच्या आत बाबांचा हात पुढे येतो. त्या दिवशी आला नाही.

"ठेव ते," ते म्हणाले. "माह्या वाट्याचं मी पिऊन आलो."

मी बाटली त्यांच्या उशाशी ठेवली, आणि खरं सांगायचं तर ती परीक्षाच होती. सकाळी पाहिलं, तर झाकणाचं सीलही तुटलेलं नव्हतं. मला लाज वाटली. निघताना मी ती बाटली पर्समध्ये टाकली नाही, बाबांच्या पिशवीत ठेवली.