उसन्या आडनावाचे दोन दिवस

मी एका बाईला तिच्या आईचा खोटा निरोप दिला आहे. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात नांदेडहून आम्ही ऑफिसातले दोघं माहूरकडच्या एका दरीतल्या खेड्यात फिरायला जाणार होतो. तीस-चाळीस उंबऱ्यांचं गाव, तिन्ही बाजूंनी सागाचे डोंगर. तिथल्या एका जोडप्यानं घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या होत्या. मित्रानं स्वतःच्या नावानं खोली सांगून ठेवली आणि ऐन वेळी त्याची मुलगी आजारी पडली. मी एकटाच गेलो.

अंगणात पाय ठेवला तोच घरमालकिणीनं मित्राचं आडनाव घेतलं. "तुम्हीच ना?"

मी "हो" म्हणालो.

चुकून नव्हे. आम्ही बौद्ध. माझं आडनाव ऐकल्यावर समोरच्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. फोनवर रिकामी असलेली खोली मी दारात पोचेपर्यंत भरलेली मी दोनदा पाहिली आहे. तिसऱ्यांदा पाहायची नव्हती.

पण बाई थांबेना. गाव कोणतं? मित्राचं, रेणापूरजवळचं गाव सांगितलं. वरची आळी का खालची? मी अंदाजानं वरची म्हणालो. ती आत गेली, नवऱ्याशी कुजबुजली. तो दारात येऊन मला पायापासून डोक्यापर्यंत बघून गेला. वहीत नोंद करायला त्यानं आधार कार्ड मागितलं. कार्ड खिशातच होतं. घरी राहिलं म्हणालो, तर बाई म्हणाली, "राहू द्या हो, तुमचा कागद काय करायचा?" इतक्या सहज सोडलं, म्हणून मला जास्तच शंका आली.

जेवायला बसलो. त्या दोघांची ताटं स्टीलची. माझ्यासाठी फडताळाच्या वरच्या फळीवरून वेगळं पितळी ताट काढलं. वेगळ्या ताटाचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. ओळखलं यांनी, असं मनात म्हणत मी अंबाडीची भाजी खाल्ली. भाजी चांगली होती, तरी दुसऱ्यांदा मागितली नाही.

सकाळी नवरा धबधबा आणि वरचा कडा दाखवायला निघाला. हातात कोयता. मी मुद्दाम त्याच्या मागं राहिलो. मोहाच्या खोडावरचे अस्वलाचे ओरखडे त्यानं दाखवले, चारोळीचं झाड दाखवलं. मी मान हलवत होतो, लक्ष कोयत्याकडं. मधेच त्यानं विचारलं, "तुमच्या गावात पारापाशी मोठी चिंच होती. हाय का अजून?"

"हाय की."

"अन् बारव?"

"हाय."

वळून माझ्याकडं बघत तो हसला. "वीस वर्षांत पहिल्यांदा मेव्हणा भेटला, तोही अर्ध्या डोंगरात धापा टाकून राह्यला!"

मी जागीच थांबलो. कड्यावर बसल्यावर त्यानं सगळं सांगितलं. बायको त्याच गावची, त्याच आडनावाची, खालच्या आळीतली. हा तिकडं बोअरच्या मशीनवर कामाला गेला होता. जात दुसरी. दोघं पळून आले. तिच्या घरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. "तेव्हापासून तिकडचं कुत्रंबी आमच्या दारात आलं न्हाई. काल जेवलात ते ताट पोरीच्या सोयरिकीला काढलं होतं, त्यानंतर काल. चिंचेचं तिनंच विचारायला सांगितलं. तिला विचारवंना."

खाली दरीत त्यांच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या दिसत होत्या. जातीपायी माहेर तुटलेल्या बाईच्या घरात मी जात लपवून जेवलो होतो. तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण तेव्हाही मनात आलं, वरच्या जाती एकमेकांत करतील लग्नं, आमच्यापर्यंत कुठं येतात? त्या नवराबायकोनं मला असं वाटावं असं काहीही केलं नव्हतं. तरी मी उठून त्याच्या मागं डोंगर उतरायला लागलो.

निघताना बाईनं मला कुंकू लावलं, दादा म्हणाली. मग पदराशी चाळा करत विचारलं, "दादा, आमची आई... दिसते का कधी?"

मी त्या गावात आयुष्यात गेलेलो नाही.

"बऱ्या हायत," मी म्हणालो. "तुमची आठवण काढतात."

ती भिंतीला टेकून खाली बसली. नवरा उगाच दोरीवरचे कपडे काढायला लागला. थोड्या वेळानं तिनं पेटीतून एक हिरवं लुगडं आणून माझ्या हातात ठेवलं. आईला द्या म्हणाली, आणि माझा फोन नंबर लिहून घेतला.

ते लुगडं माझ्या कपाटात फायलींच्या मागं आहे. मित्राला विचारलं असतं तर त्यानं ते पोचवलंही असतं. पण मग त्याच्या आडनावानं दोन दिवस राहिल्याचं सांगावं लागलं असतं. ती म्हातारी जिवंत आहे की गेली, हेसुद्धा मला माहीत नाही.

महिन्याभरानं तिचा फोन आला. "दादा, दिलं का? घेतलं का आईनं?"

"घेतलं," म्हणालो.

परवा पुन्हा आला. आवाज मोकळा, पोरीसारखा. "आईनं लुगडं घेतलं म्हणजे राग गेला म्हणायचा. मी येते गावाला. हे नको म्हणतेत, पण मी येणारच. तुम्ही रेणापूरच्या स्टँडवर थांबा बरं का. एकटी त्या दारात उभी राहायला भ्या वाटतं."

मी हो म्हणालो.

तिच्या येण्याला आठ दिवस आहेत. माझं आडनाव वेगळं आहे, मी तिच्या आईला कधी पाहिलेलं नाही आणि लुगडं माझ्याकडंच आहे, एवढं सांगण्याचं मी तिचं देणं लागतो. तेही ती एसटीत बसायच्या आधी.