मास्तरांचा आवाज

आमच्या घरात भांडण झालं की बायको हमखास मास्तरांचं नाव काढते. मास्तर म्हणजे माझे साडू. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी चालवायला शिकवलं, पण शिकणाऱ्यानं गाडी गटारात घातली तरी त्यांचा आवाज कधी चढला नाही, अशी त्यांची ख्याती. "ताईचं नशीब बघा," असं बायको म्हणाली की मी वर्तमानपत्रात तोंड खुपसतो.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी जुनी शिडाची होडी घेतली. ताईंनीही त्यांच्याबरोबर होडी चालवण्याचे धडे घेतले, हाताला घट्टे पाडून घेतले. उरलेलं आयुष्य पाण्यावर हिंडत काढायचं, असा दोघांचा बेत होता. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं शिडाचे दोर सांभाळायचे. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. पहिल्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्यानं शेजारच्या बंदरापर्यंत यायचं ठरलं. फोटो काढायला आणि गरम चहा पोचवायला मी गाडी घेऊन धक्क्यावर हजर.

दुपार कलताना होडी दिसली. लांबून मोठी देखणी दिसत होती. मी मोबाइल वर धरला. धक्का जवळ आला तसा वाऱ्यानं जोर धरला आणि शीड उतरवायला उशीर झाला. मास्तर "दोर सोड" म्हणाले. दोर होते चार. कुठला, असं ताईंनी विचारलं.

"डोकं आहे का तुला? कुठला म्हणून विचारते, मूर्ख बाई! सोड म्हटलं ना!"

पाण्यावरून आवाज किती स्वच्छ येतो, हे मला त्या दिवशी कळलं. जाळी दुरुस्त करणाऱ्यांचे हात थांबले. मास्तर ओरडतच राहिले, ताई घाबरून हाताला येईल तो दोर सोडत राहिल्या, आणि होडी बांधून ठेवलेल्या दुसऱ्या होडीवर जाऊन आदळली. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक असायचा. इथे तो नव्हता. त्यांचं सगळं शांतपण त्या ब्रेकपुरतंच होतं, हे चारचौघांत उघडं पडलं. खोटं कशाला बोलू, आधी मला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. मग ताईंचा चेहरा दिसला आणि मी मोबाइल खिशात घातला. मान वर करायची मलाच लाज वाटायला लागली.

ताई बॅग घेऊन उतरल्या. मास्तर मागोमाग आले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. ताईंजवळ वाकून ते हळूच म्हणाले, "चुकलं माझं."

"ओरडलात तेव्हा अख्ख्या धक्क्यानं ऐकलं," ताई म्हणाल्या. "आता कानात कशाला सांगताय?"

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे बघत होते. त्यांनी घसा खाकरला. बोलणार, असं मला खरंच वाटलं. पण ते वळले ते मार बसलेल्या होडीच्या मालकाकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माफ करा हं, तुमच्या होडीला आमच्यामुळे लागलं." मालक बिचारा ओशाळून "राहू द्या, राहू द्या" म्हणाला. ताईंनी माझ्या गाडीचं दार उघडलं. मास्तरांनी अडवलं नाही. त्यांची नजर जमिनीवरून हलेना.

वाटेत ताईंनी मांडीवरची बॅग मागच्या सीटवर टाकली. मग आपण होऊन सांगायला लागल्या. लग्न नवं असताना मास्तर त्यांना गाडी शिकवायला रिकाम्या मैदानावर घेऊन गेले होते, घरच्या साध्या गाडीतून. पहिल्याच वळणावर असाच आवाज चढला. ताई तिथेच उतरून पायी घरी आल्या आणि पुन्हा म्हणून त्यांनी स्टीअरिंगला हात लावला नाही. हिला आवडच नाही, असं मास्तर लोकांना सांगत. ताईही हसून मान डोलवत, कारण खरं सांगायची त्यांनाच लाज वाटे.

"मग होडीचंही तेच होणार?" मी विचारलं.

ताईंनी काचेतून बाहेर पाहिलं. "गाडी बाजूला घ्या," त्या म्हणाल्या. "आधी ही चालवून बघते."

रस्ता मोकळा होता. आम्ही जागा बदलल्या. त्यांनी क्लच सोडला, गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. मी काहीच बोललो नाही. पण ताईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि खांदे आखडून त्या माझ्या ओरडण्याची वाट बघत होत्या.