सागाची साफ केलेली टोके

एरवी एकमेकांची गिऱ्हाइके पळवणाऱ्या सहा फर्निचर कारखानदारांनी मिळून ठरवले आहे की, ज्याचे जंगल ठाऊक नाही ते लाकूड घ्यायचे नाही. त्यांच्या वतीने लाकूड तपासणे हे माझे काम. गडचिरोलीतल्या एका गावाने आपल्या राखलेल्या जंगलातले अकरा सागाचे ओंडके प्रथमच विकायला काढले होते आणि एकाच्याही टोकावर, तोडताना ओंडक्यावर आणि खुंटावर ठोकतात तो हातोड्याचा शिक्का नव्हता. शिक्का नाही, तर माल नाकारायचा.

"शिक्के कुठे गेले, देवाजीकाका?" जंगल राखणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारले.

"टोकं खराब दिसत होती जी, म्हणून साफ कापली. पोरीले पाहाले पाहुणे येते, त तिले तसंच बसवते का?"

मला हसू आले, आणि वाईटही वाटले. प्रत्येक ओंडक्याची वाढवलये मी कागदाच्या पट्टीवर उतरवून घेतली आणि काकांसोबत जंगलात गेले. खुंटांवर शिक्के शाबूत होते. ओंडके या खुंटांचेच, एवढेच सिद्ध व्हायचे होते. कमी पावसाच्या वर्षांची अरुंद वलये, भरल्या वर्षांची रुंद वलये, पट्टीवरचा सारा क्रम खुंटाशी जुळत गेला. विश्वासासाठी माणसाला शिक्का लागतो. झाड मात्र कोणी विचारणार नाही हे ठाऊक असल्यासारखे आपले प्रत्येक वर्ष मुकाट जपून ठेवते.

अकरावी पट्टी जुळली. अहवाल लिहिण्यासाठी मी खुंटावर हात टेकणार, तोच काका म्हणाले, "जरा जपून, मॅडम. कोंब आहे तिथं."

मी गुडघ्यावर वही ठेवली आणि लिहिले : माल घ्यावा.