बेचाळिसाव्या पानावरचा पाऊस

वरवट बकालच्या बाजारगल्लीत शाकिरचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. विहिरीतली जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची. या धंद्यानं माणूस संशयी होतो बरं का! गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "आपोआप जळाली," अन् मोटर उघडावी तर कोरड्या विहिरीत दिवसभर चालवल्याचा वास नाकात शिरतो. म्हणून तर दुकानातल्या प्रत्येक पावतीवर शाकिर जांभळा शिक्का हाणायचा : 'गॅरंटी नाही.'

पण हाच माणूस दुपारी गिऱ्हाईक नसलं की वहीत भलत्याच दुनियेच्या गोष्टी लिहायचा. 'सातपुड्यातलं यंत्र' ही त्याची कादंबरी त्यानं स्वतः खामगावला छापून आणली. साल दोन हजार ऐंशी, डोंगराच्या पोटात ढग हाकणारं यंत्र, ते बिघडतं, अन् दुरुस्तीला आत उतरते रोशन नावाची मिस्त्रीण. दोनशे प्रती छापल्या. सतरा गेल्या, त्याही सोयऱ्यांत. बाकीच्या ठेवायला जागा नाही, म्हणून घरातल्या गव्हाच्या लोखंडी कोठीत भरल्या.

आसमानं, त्याच्या बायकोनं, वर्षभर चालवून घेतलं. मग एक दिवस तिनं गव्हाचं पोतं त्याच्यापुढं आणून आपटलं. पोत्याला बोटभर भोक.

"मलिहाचे अब्बा, गहू उंदरं खाऊन राह्यले अन् पुस्तकं कोठीत झोपून राह्यली! बकरीईदपर्यंत कोठी खाली करा. विकली तं लिहा खुशाल. नाई विकली तं वही बंद."

"कबूल," शाकिर म्हणाला.

आता गंमत अशी, की अक्षय्य तृतीया झाली अन् चारच दिवसांनी गावातल्या कौशल्याबाई दुकानात हजर. बाईला अक्षर ओळखता येत नाही.

"ते यंत्राचं पुस्तक दे बापा."

"तुमाले कायले पायजे मावशी?"

"घरात असू दे."

दुसऱ्या दिवशी नऊ जण आले. तिसऱ्या दिवशी संग्रामपूरहून दोन मोटारसायकली. शाकिरच्या कपाळावर आठी चढली. गिऱ्हाईक वाढलं की लोकांना आनंद होतो, याला घाम फुटला. आसमानं माहेरच्यांकडून तर नाही ना लोक पाठवले, दया म्हणून? त्यानं मलिहाला, आपल्या पोरीला, बाजूला घेऊन खोदून विचारलं.

"अम्मी कोणाले फोन करते?"

"मामीले. उंदराच्या दवाईसाठी. अब्बा, तुमी पुस्तक विकून राह्यले का तपास करून राह्यले?"

मग त्यानं डोळा ठेवला. येणारा प्रत्येक जण पुस्तक उघडायचा ते एकाच जागी, मान डोलवायचा अन् मिटायचा. पहिलं पान कोणी पाहीना. पान कोणतं? बेचाळीस.

कोठीत अकरा प्रती उरल्या अन् शाकिरला राहवेना. तो सरळ पुंजाजींच्या शेतावर गेला. पुंजाजी म्हणजे जुनं गिऱ्हाईक, दर उन्हाळ्याला मोटर जाळणारं. काका बाजेवर बसले होते, उशाला पुस्तक.

"काका, खरं सांगा. हे काऊन घेतलं?"

"काऊन म्हणजे? यंदा अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीत पावसाचं भाकीत काय निंगालं? जूनमंदी दडी, जुलैत साधारण, मंग भरपूर. अन् तू तं वर्षाआधीच लिहून ठुलं! बेचाळीस पानावर. शब्दाले शब्द!"

ते तर रोशननं यंत्राच्या पडद्यावर वाचलेलं होतं, दुपारी चहा पिताना सुचेल तसं लिहिलेलं.

"काका, मनानं लिहिलं हो ते! ऐंशी सालचं आहे."

"म्या कपाशीचं बी जुलैपर्यंत झाकून ठुलं," पुंजाजी थंडपणे म्हणाले. "गावातल्या बारा जणांनी बी. आता तू नाई म्हणून राह्यला, तं मलेच शंका येते. कोणी दाबलं का तुले?"

घ्या! जन्मभर संशय घेणाऱ्या माणसावरच दुसऱ्यानं संशय घ्यायची पाळी आली.

परतताना शाकिरची सायकल जड झाली. गप्प राहिला तर अकरा प्रती संध्याकाळपर्यंत जातील, वही चालू राहील. अन् जूनमध्येच पाऊस लागला तर बारा घरांची पेरणी चुकेल. घरी येऊन त्यानं आसमाला सगळं सांगितलं.

"मंग?" तिनं विचारलं.

"मंग काय. कोठी खाली व्हायची नाई."

सकाळी तो शिक्का अन् शाईची गादी घेऊन निघाला. दारोदार पुस्तक मागायचं, बेचाळिसावं पान काढायचं, हाणायचा : 'गॅरंटी नाही.' कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या, तिघांनी पुस्तकं परत केली. जांभळा शिक्का मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. मोटरीवर गॅरंटी नाही म्हटल्यावर ती जळतेच, हा गावाचा अनुभव. झाकून ठेवलेलं बी बाहेर निघालं.

ईद आली. कोठीत चौदा प्रती. शाकिरनं वही स्वतःच घरातल्या फळीवर टाकली, वर तारेचं रीळ ठेवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस चांगला लागला. पेरण्या आटोपून पुंजाजी काखेत पुस्तक घेऊन दुकानात आले, बाकावर टेकले.

"ते रोशन त्या यंत्रातून निंगते, पन तिचा भाऊ तं आतच राह्यला ना बे? त्याचं काय?"

शाकिरचे डोळे बारीक झाले. "तुमाले कोणी शिकवलं हे विचाराले? आसमानं?"

"कोणी कायले शिकवीन?"

"पुस्तक दाखवा."

शाकिरनं पान अन् पान तपासलं, मोटर तपासावी तसं. बेचाळीसच्या पुढं प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर तंबाखूच्या बोटाचा पिवळा ठसा. त्रेचाळीस, साठ, नव्वद, थेट शेवटपर्यंत. ठसा खोटा करता येत नाही.

घरी तो तेच पुस्तक घेऊन गेला अन् आसमापुढं एकेक कोपरा धरत गेला. तिनं सगळे पाहिले. मग चौदा प्रती कोठीतून काढून मोटरीच्या रिकाम्या खोक्यात रचल्या, कोठीत गहू ओतला, झाकण घट्ट दाबलं अन् फळीवरचं तारेचं रीळ बाजूला केलं.

"लिहा," ती म्हणाली. "पन यावेळी पाऊस घालू नका."